बँकेबाहेरची रांग आणि पोटातला गोळा

२४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसीच्या, खातेदारांना कळलं की पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. महिन्याला एक हजार नव्हे, सहा महिन्यांत मिळून एक हजार. मुंबई-ठाण्यात शाखांबाहेर माणसं जमली. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, कुणाची शस्त्रक्रिया तोंडावर आली होती, कुणाचं निवृत्तीचं सगळं तिथेच होतं.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत पीएमसीचं खातं असलेलं एकच कुटुंब होतं. पण त्या संध्याकाळी माझं दार वाजवलं ते तळमजल्यावरच्या काकूंनी. त्यांचा पीएमसीशी काडीचा संबंध नव्हता. हातात दुधाची धुतलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात पासबुक आणि मुदत ठेवीच्या दोन पावत्या, दोन्ही मिळून चार लाखांच्या. मी हिशेबाचं काम करते, म्हणून इमारतीतली माणसं असल्या वेळी माझ्याकडे येतात.

"अगं, माझी बँकपण सहकारीच आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आहे काकू, पण ती वेगळी बँक आहे. घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला काकू त्यांच्या बँकेच्या बंद शटरसमोर उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढे तीसेक माणसं होती. ती बँक आजही व्यवस्थित चालू आहे.

"घाबरू नका" या शब्दांनी त्या दिवशी काहीच साधलं नाही. का साधलं नाही, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. संकटाच्या काळातली पैशांची भीती नेमकी कशी चालते, तिच्यात शहाणपण किती असतं आणि ती माणसाला चुकीच्या दारात कशी नेऊन उभी करते, ते जमेल तितक्या साध्या शब्दांत मांडते.

काकूंचं चुकलं का?

आधी बँक समजून घेऊ. समजा एका बँकेत शंभर जणांनी प्रत्येकी एक लाख ठेवले. झाले एक कोटी. बँक हे पैसे तिजोरीत ठेवून बसत नाही. बसली तर व्याज कुठून देणार? ती त्यातले बरेचसे पैसे कुणाला घरासाठी, कुणाला दुकानासाठी, कुणाला ट्रॅक्टरसाठी कर्जाऊ देते, काही सरकारी रोख्यांत गुंतवते आणि रोजच्या देण्याघेण्यापुरती थोडी रोकड जवळ ठेवते. धरून चालू की दहा लाख. एरवी हे छान चालतं, कारण शंभरच्या शंभर माणसं एकाच दिवशी पैसे मागायला येत नाहीत.

आता अफवा उठली आणि तीस जण एकदम आले. पहिल्या दहांना पूर्ण पैसे मिळतील. अकराव्याला सांगावं लागेल, "उद्या या." त्या क्षणी उरलेल्या सत्तर जणांना जी खबर लागते ती "बँकेत पैसे नाहीत" अशी असते. बँकेची कर्जं सगळी चांगली असतील, हप्ते वेळेवर येत असतील, तरी वीस वर्षांसाठी दिलेलं गृहकर्ज दुपारी दोनपर्यंत वसूल करता येत नाही. म्हणजे ठणठणीत बँकसुद्धा केवळ सगळे एकदम आले म्हणून आडवी होऊ शकते.

म्हणून रांगेत उभा राहणारा माणूस मूर्ख नसतो. तो बँकेबद्दल विचार करतच नसतो, तो रांगेतल्या इतर माणसांबद्दल विचार करतो. बाकीचे पैसे काढणार असतील तर आपण आधी पोचणं हेच शहाणपण, आणि बाकीचे गप्प बसणार असतील तर आपणही गप्प बसणं हे शहाणपण. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हे गणिताने दाखवलं आणि २०२२ मध्ये त्यांना बेन बर्नान्की यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की प्रत्येकाने आपापल्यापुरता शहाणा निर्णय घेतला तरी सगळ्यांचं मिळून नुकसान होऊ शकतं. यात दोष कुणा एकाच्या डोक्याचा नसतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली, तेव्हा नऊच्या आत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापुढे अशीच गर्दी होती. ज्यांच्या घरी महिन्याचा शिधा भरलेला होता तीही माणसं होती. "आपण नाही घेतलं तर बाकीचे घेऊन जातील", हेच ते गणित, फक्त ठेवीऐवजी तूरडाळ.

भीती कुणाच्या ओळखीने येते

भीती हवेतून पसरते असं आपण बोलून जातो. प्रत्यक्षात ती ओळखीपाळखीने येते. याचा एक फार सुंदर अभ्यास आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये झालेला आहे.

मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक कोसळली. शेअरबाजारातल्या केतन पारेख प्रकरणात तिचे पैसे अडकले होते. ती पडल्यावर इतर सहकारी बँकांवरही लोक धावून गेले. त्यातल्या एका बँकेचा माधवपुराशी आर्थिक संबंध नव्हता, तरी तिथेही धावाधाव झाली. राजकमल अय्यर आणि मंजू पुरी या संशोधकांनी त्या बँकेच्या नोंदी तपासल्या आणि कोण धावलं, कोण थांबलं ते पाहिलं.

तेव्हा खातं उघडायला ओळख देणारा लागायचा, फॉर्मवर त्याची सही असायची. संशोधकांनी हाच धागा धरला. ज्याच्या ओळखीने खातं उघडलं होतं ते माणूस किंवा त्याच साखळीतले इतर लोक पैसे काढायला गेले असतील, तर खातेदारही जाण्याची शक्यता वाढत होती. शेजारीपाजारी गेले तरी तसंच. उलट ज्यांचं बँकेशी नातं बरीच वर्षांचं होतं किंवा ज्यांनी तिथून कर्ज घेतलं होतं, ते कमी धावले. बँक बुडाली तर ठेवीची ठरावीक रकमेपर्यंत भरपाई देणारा विमा असतो; त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेव असलेले जास्त धावले, पण विमा पूर्ण असलेल्यांपैकीही अनेकजण धावलेच.

हे वाचलं तेव्हा मला काकू आठवल्या. त्यांना त्या बँकेत खातं काढून दिलं होतं त्यांच्या दिरांनी. आणि २४ सप्टेंबरच्या दुपारी दिरांचाच फोन आला होता: "वहिनी, मी उद्या सकाळी जातोय, तुम्हीपण या." माझ्या "घाबरू नका"चं वजन त्या फोनपुढे किती असणार?

काकूंच्या भीतीला आणखी एक जुना पदर होता. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या हरभरा डाळीच्या डब्यातून अकरा हजार रुपये निघाले होते. घरखर्चातून वाचवलेले, काकांना न सांगता ठेवलेले. ते सगळ्यांसमोर ओट्यावर मोजावे लागले. पैसे बँकेत भरले गेले, एक रुपयाही बुडाला नाही. पण त्या रात्रीपासून घरातली रोकडही त्यांना भरवशाची वाटेना. मग बँक उरली होती, आणि २०१९ मध्ये तीही हलली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, तेव्हा त्याला ताक थंड असतं हे समजावण्यात अर्थ नसतो.

डोक्यात काय होतं

डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली एक गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे: हजार रुपये मिळाल्याचा जेवढा आनंद होतो त्याहून बरंच जास्त दुःख हजार रुपये गेल्याचं होतं. आपल्याकडच्या आज्यांना हे अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. पण याचा पुढचा भाग तितका बोलला जात नाही. नुकसान टाळण्यासाठी माणूस एरवी घेणार नाही असा धोका पत्करायला तयार होतो. गेलेलं भरून काढायचं म्हणून जुगारी पुढचा डाव मोठा लावतो. आणि असलेलं वाचवायचं म्हणून घाबरलेलं माणूस ओळखीची जागा सोडून अनोळखी जागी पैसे हलवतं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या ऊसपट्ट्यात कुणालाही पटेल. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ५४ गावांतले ४६४ शेतकरी. उसाचं बिल वर्षातून एकदा हातात येतं, म्हणून तोडणीच्या आधीचे महिने ओढाताणीचे आणि नंतरचे सैल. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी डोक्याला चालना देणाऱ्या चाचण्या दिल्या. तोडणीआधी त्यांची कामगिरी खालावलेली होती आणि तोडणीनंतर तेच लोक त्याच प्रकारच्या चाचण्यांत बरे ठरले. शिक्षण तेच, माणूस तोच. बदलली होती ती फक्त ओढाताण.

डोक्यात सतत "वाण्याचे किती द्यायचे, फी कधी भरायची, सोसायटीचा हप्ता कुठून आणायचा" हे घोळत असेल तर बाकीच्या विचाराला जागा कमी पडते. ज्या काळात सगळ्यात शांत डोक्याने निर्णय घ्यायला हवेत, नेमका तोच काळ डोकं भरून टाकतो. म्हणून संकटात माणसं पुढच्या तीस दिवसांचं पाहतात, पुढच्या तीन वर्षांचं नाही. त्यांना दोष देण्यात हशील नाही.

धावत कुठे गेलो

काकूंनी त्या दिवशी दोन्ही ठेवी मोडल्या. मुदतीआधी मोडल्यामुळे ठरलेलं व्याज मिळालं नाही. जितके महिने ठेव राहिली तितक्या काळाचा कमी दर लागला आणि त्यातूनही एक टक्का कापला गेला. चार दिवस चार लाखांची रोकड कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. त्या चार रात्री काकू झोपल्या नाहीत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पाचव्या दिवशी भाच्याच्या सांगण्यावरून ते पैसे एका पतसंस्थेत गेले, साडेअकरा टक्क्यांनी. तिथला माणूस ओळखीचा होता, घरी येऊन पावती देऊन गेला, चहा पिऊन गेला.

इथे थांबून एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात ती कळीची आहे. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नावात सहकारी, दारावर पाटी तशीच, आत काउंटर तसाच, पासबुकही तसंच. पण बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं, संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते संरक्षण नाही. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थेलाही नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या ठेवीदारांना याची किंमत गेल्या काही वर्षांत फार मोठी मोजावी लागली आहे.

काकूंनी ज्या बँकेतून पैसे काढले तिथे त्यांच्या ठेवीला त्या दिवशी एक लाखाचा विमा होता. म्हणजे चारपैकी तीन लाख उघड्यावर होते, त्यांची भीती पोकळ नव्हती. पण त्या जिथे गेल्या तिथे चारही लाख उघड्यावर होते. अवघ्या चार महिन्यांनी, ४ फेब्रुवारी २०२० पासून, बँक ठेवींचा विमा एक लाखावरून पाच लाख झाला. पैसे जागच्या जागी राहिले असते तर सगळे सुरक्षित झाले असते. पतसंस्थेने २०२२ मध्ये पैसे देणं थांबवलं. काकूंना आजवर एक लाख दहा हजार परत मिळाले आहेत.

भीतीने त्यांना सांगितलं की पळ. कुठे पळायचं ते सांगितलं नाही. ते सांगायला जवळचं माणूस लागलं, आणि ते प्रामाणिक असूनही चुकीचं निघालं.

घाबरून पैसे हलवणं ही काही एकट्या काकूंची गोष्ट नाही. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा काही राज्य सरकारांनीसुद्धा खासगी बँकांतले पैसे हलवायला सुरुवात केली. रिझर्व्ह बँकेला राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की ही भीती अनाठायी आहे. सचिवालयात बसलेल्या, हाताशी अर्थखातं असलेल्या माणसांची ही गत, तर तळमजल्यावरच्या काकूंकडून आपण काय अपेक्षा करतो?

तारीख आणि आकडा

येस बँक आणि पीएमसी ही जोडी बघण्यासारखी आहे. येस बँकेच्या खातेदारांना पन्नास हजारांची मर्यादा घातली गेली, आणि ती कधीपर्यंत तेही आदेशात होतं: ३ एप्रिल २०२०. स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल उभं राहिलं आणि १८ मार्चलाच निर्बंध उठले. तेरा दिवस.

पीएमसीत मर्यादा एक हजारावरून दोन दिवसांत दहा हजार झाली, मग पंचवीस, चाळीस, पन्नास हजार आणि जून २०२० मध्ये एक लाख. निर्बंधांची मुदत मात्र पुन्हा पुन्हा वाढत गेली. अखेर २५ जानेवारी २०२२ ला ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, म्हणजे अठ्ठावीस महिन्यांनी. पाच लाखांच्या वर ठेव असलेल्यांना उरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत. साठी ओलांडलेल्या माणसाला दहा वर्षांचं वेळापत्रक देणं म्हणजे काय, हे आकड्यांत मांडता येत नाही.

पीएमसीत खरोखर घोटाळा होता, हे विसरून चालणार नाही. तपासात समोर आलं त्याप्रमाणे बँकेच्या सुमारे ८,८०० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या आसपास एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे होते आणि ते २१ हजारांहून जास्त बनावट खात्यांआड लपवलेले होते. तिथे भीती खरी ठरली. पण त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने दिलेला एक आकडा फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. मर्यादा दहा हजार झाली तेव्हाच साठ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना आपली सगळी शिल्लक काढता येणार होती. पन्नास हजारांवर हे प्रमाण अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या वर गेलं. याचा अर्थ रांगेतल्या बऱ्याच जणांचं संकट काही दिवसांत किंवा आठवड्यांत संपण्यासारखं होतं, आणि उरलेल्यांचं इतकं खोल होतं की त्यांना रांगेने काहीच मिळणार नव्हतं. पण बाहेरून रांग एकच दिसत होती.

माणूस मोठं नुकसानही पचवतो, जर ते किती आणि कधीपर्यंत हे ठाऊक असेल. जे मोजता येत नाही ते छातीवर बसतं. म्हणून "आपली बँक सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका" ही सूचना दारावर चिकटवून काही होत नाही. मी काकूंना त्या संध्याकाळी "घाबरू नका"ऐवजी असं सांगायला हवं होतं: "तुमच्या एक लाखाला विमा आहे, तीन लाखांना नाही. ते तीन लाख दुसऱ्या दोन-तीन बँकांत वाटून ठेवू, आणि मोडायला किती पैसे कापले जातील ते आधी बघू." मला ते तेव्हा सुचलं नाही. विम्याचा आकडा मलाही नीट पाठ नव्हता.

विमा कुठून आला

हा विमा आपल्याकडे भीतीतूनच जन्मला. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळमधली पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका एका वर्षात बुडाल्या. पलाईनंतर तर दक्षिणेतल्या इतर बँकांवरही लोक धावून गेले. १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हाची मर्यादा होती पंधराशे रुपये. १९९३ मध्ये ती एक लाख झाली आणि मग तब्बल सत्तावीस वर्षं तिथेच राहिली. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उतरले नसते तर ती २०२० मध्ये पाच लाख झाली असती का, मला शंका आहे.

आज तो असा चालतो. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या सगळ्या खात्यांची बेरीज करायची, मुद्दल आणि व्याज धरून, आणि त्यातल्या पाच लाखांपर्यंत संरक्षण. म्हणजे एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवून पंधरा लाख सुरक्षित होत नाहीत, तीन वेगळ्या बँकांत ठेवले तर होतात. हप्ता बँक भरते, आपल्याला काही भरावं लागत नाही, अर्जही करावा लागत नाही. पूर्वी बँक दिवाळ्यात निघेपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत, त्यात वर्षं जायची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की नव्वद दिवसांत विमा मिळण्याची तरतूद झाली.

हे काम करतं का? १३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता, तिजोरीतले १२२ कोटी गायब असल्याची तक्रार होती. शाखांबाहेर पुन्हा तीच गर्दी, तेच रडवेले चेहरे. पण दोन आठवड्यांत पंचवीस हजार काढायची मुभा मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. अठ्ठावीस महिन्यांच्या जागी सहा महिन्यांपेक्षा कमी. त्रास झालाच, पण त्याला शेवट दिसत होता.

ज्यांची बँक बुडाली नाही त्यांचं

संकटातली भीती बँकेबाहेरही बरंच काही करते, आणि ते नुकसान चुपचाप होतं. २०२० च्या टाळेबंदीत कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, आधी तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत. ज्यांचा पगार थांबला त्यांच्यासाठी ती जीवदान होती. पण माझ्या ओळखीत पगार पूर्ण येत असलेल्या अनेकांनीही ती घेतली. "असू दे हातात, काय सांगावं."

हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. पंचवीस लाखांचं गृहकर्ज, आठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साधारण एकवीस हजार. कर्जाच्या सुरुवातीलाच तीन हप्ते टाळले आणि पुढे हप्ता तेवढाच ठेवला, तर शेवटी बारा हप्ते जास्त भरावे लागतात. तीन टाळले, बारा वाढले. सरकारने नंतर व्याजावरचं व्याज परत केलं, पण ती रक्कम या मानाने किरकोळ होती. हा हिशेब तेव्हा कुणी शेजारी बसून मांडून दाखवला असता तर निदान निम्म्या लोकांनी हप्ता भरला असता असं मला वाटतं.

शेअरबाजाराचंही तसंच. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडून २६ हजारांच्या खाली आला. अनेकांनी त्या आठवड्यात एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, बंद केल्या, युनिट विकले. नोव्हेंबरात निर्देशांक जानेवारीच्या पातळीवर परत आला होता. यावरून "विकायचंच नसतं" असा धडा काढणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याची नोकरी गेली होती आणि घरात दवाखाना होता, त्याने विकलं ते बरोबरच केलं. गरजेने विकणं आणि भीतीने विकणं यांत फरक आहे, आणि तो फरक बाहेरच्याला दिसत नाही, फक्त विकणाऱ्याला माहीत असतो. दोन्हीच्या मध्ये उभी असते ती घरखर्चाची चार-सहा महिन्यांची रोकड. ज्यांच्याकडे ती होती ते थांबू शकले. ज्यांना महिन्याचा पगार महिन्यालाच पुरत नाही त्यांना "आधी साठवा" म्हणून सांगणं सोपं असतं, हेही मला कळतं. तिथे नुसत्या सल्ल्याने भागत नाही, रेशन, वेळेवरची मजुरी आणि सरकारी दवाखाना हीच भीतीवरची खरी औषधं.

मागच्या महिन्यात काकू पुन्हा वर आल्या होत्या. व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी बँकेबद्दल संदेश फिरत होता. या वेळी हातात पिशवी नव्हती, वहीचा एक कागद होता, चौकोन आखलेला. तो एरवी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. बँकेचं नाव, बँक की पतसंस्था, किती, कधी पिकते, वारस कोण. दोन बँका, दोन्हीकडे पाच लाखांच्या आत.

"या संदेशातली बँक यात नाही," त्या म्हणाल्या. "मी दिरांनाही हेच विचारलं, तुमची आहे का यात. ते म्हणाले थांब, बघतो."

मग त्यांनी पेन मागितलं. वारसाच्या रकान्यात एका ठिकाणी अजून काकांचं नाव होतं. काका जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी ते हलक्या हाताने खोडलं, शेजारी मुलीचं नाव लिहिलं आणि बँक किती वाजता उघडते ते विचारलं.